वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नची पहिली शिकार : बंदुकीआधी नकाशा, गोळीनंतर बर्फ

कोलोरॅडोतून आय-२५ ने उत्तरेकडे निघालं आणि शायेन मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारांची कुंपणं, पिवळं गवत आणि सेजब्रशची करडी झुडपं सुरू होतात. त्यात मध्येच तांबूस-पांढरे ठिपके दिसतात. ते प्राँगहॉर्न. इथले लोक त्यांना सरसकट अँटिलोप म्हणतात आणि शिकारीच्या परवान्यावरही तेच नाव असतं. शास्त्राच्या हिशेबाने मात्र हा आपल्या काळवीट-चिंकाऱ्याच्या कुळातला नव्हे. त्याच्या कुळात तो एकटाच उरला आहे आणि आजच्या प्राण्यांत त्याचे जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी.

अमेरिकेत राहणाऱ्या, आयुष्यात कधी बंदूक हातात न धरलेल्या, पण आपल्या ताटातलं मांस एकदा तरी स्वतः मिळवावं असं मनापासून वाटणाऱ्या मराठी माणसासाठी हे लिहितो आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंद आहे हेच बरोबर आहे. नगरकडच्या कर्जतजवळच्या रेहेकुरीच्या माळावर काळविटांचा कळप पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथली व्यवस्था निराळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न नामशेष व्हायच्या बेतात होता. शिकारीवर कडक बंधनं आली, १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला आणि कळप पुन्हा वाढले. आज सर्वांत जास्त प्राँगहॉर्न वायोमिंगमध्ये आहेत. दरवर्षी कळपांचा अंदाज घेऊन कुठल्या भागात किती परवाने द्यायचे ते ठरतं. २०२२-२३ च्या भयंकर हिवाळ्यात पश्चिम भागात जनावरं मोठ्या संख्येने मेली, तेव्हा लगेच हजारो परवाने कमी केले गेले. हे नीट समजून घेतल्यावरच मी या वाटेला गेलो.

नवख्यासाठी हा प्राणी चांगला, कारण तो दिवसाढवळ्या, उघड्या माळावर दिसतो. एक कळप बुजला तर दुपारी दुसरा सापडतो. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला संरक्षित विल्डरनेस भागात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी वाटाड्या घ्यावाच लागतो, पण प्राँगहॉर्न असतो सपाट माळावर. त्यामुळे वाटाड्याशिवाय, आपल्या गाडीने, आपल्या तंबूत राहून ही शिकार करता येते.

जानेवारी ते मे : कागदपत्रं

पहिलं काम म्हणजे हंटर एज्युकेशनचा कोर्स. १ जानेवारी १९६६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्याचं प्रमाणपत्र वायोमिंगमध्ये लागतं. कोर्स आपल्या राज्यात करा. एका राज्याचं कार्ड दुसरीकडे चालतं. ऑनलाइन भाग दोन-तीन संध्याकाळींत होतो, पण प्रत्यक्ष मैदानावरचा वर्ग मिळत असेल तर तोच घ्या. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी कशी करायची, दोघं बरोबर असताना नळी कुठल्या दिशेला ठेवायची, हे हाताला कळावं लागतं. पडद्यावर पाहून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. अपवादांपैकी आपल्या कामाचा एकच : तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असला पाहिजे. मित्राची बंदूक घेऊन "जरा नेम धरून पाहतो" म्हणणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा ठरू शकतं, आणि त्यात ग्रीन कार्डचं भवितव्य अडकतं. म्हणून आधी परवाना, मग नेमबाजीची रेंज. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते, तेव्हा बंदूक घरात ठेवायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही.

परवाना : सोपा ड्रॉ हाच सापळा

बाहेरच्या राज्यातल्यांना परवाना सोडतीने मिळतो. अर्ज वर्षाच्या सुरुवातीपासून घेतात, मुदत जूनच्या पहिल्या एक-दोन तारखांना संपते आणि निकाल जूनमध्येच लागतो. नर किंवा मादी, कुठलंही जनावर चालणाऱ्या परवान्याला टाइप १ म्हणतात. बाहेरच्यांसाठी त्याची साधी फी अलीकडे ३२६ डॉलर आणि अर्जाचे १५ डॉलर अशी आहे. 'स्पेशल' नावाची महागडी रांगही आहे. पहिल्या वर्षी तिकडे बघू नका. मादी-पाडसाचा परवाना वेगळा असतो, त्याची फी ३४ डॉलर. साडेएकवीस डॉलरचा कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प वर लागतो. आकडे बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना चालू वर्षाचे पाहून घ्या.

टाइप १ च्या सोडतीत बहुतेक परवाने प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत अग्रक्रम देणारे गुण, जास्त असलेल्यांना जातात आणि थोडे निव्वळ नशिबावर. पॉइंट साठवायला वर्षं लागतात. मादीच्या परवान्याला पॉइंटचा संबंधच नाही. माझं स्पष्ट मत : पहिली शिकार मादीची करा. परवाना स्वस्त, मांस उत्तम, आणि शिंगांच्या मागे लागून चुकीच्या अंतरावरून गोळी झाडायचा मोह नाही. ज्याला भिंतीवर शिंगं हवी आहेत त्याने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जावं.

आता हंट एरिया. राज्याचे शंभरावर तुकडे केले आहेत आणि परवाना फक्त त्या-त्या तुकड्यापुरता असतो. नवखा माणूस कुठल्या एरियात परवाना हमखास मिळतो तेवढं पाहतो आणि अडकतो. काही एरियात परवाने मुबलक असतात, कारण तिथली जमीन जवळजवळ सगळी खासगी असते. विशेषतः राज्याच्या पूर्व आणि ईशान्य भागात. जनावरं रस्त्यावरून दिसतात, पण सगळी कुंपणापलीकडे. अशा एरियांपुढे राज्याच्या वन्यजीव विभागाच्या पुस्तिकेत सूचना दिलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका. सोडतीची शक्यता, सार्वजनिक जमिनीचं प्रमाण आणि गेल्या वर्षी किती जणांना शिकार मिळाली हे तिन्ही आकडे एकत्र पाहायचे. सोडतीत काहीच लागलं नाही, तर उरलेले परवाने जुलैत विक्रीला येतात. त्यांनाही हीच कसोटी लावा.

जून ते ऑगस्ट : नकाशा

मी बंदुकीवर जितका वेळ घालवला, त्याच्या तिप्पट नकाशावर घालवला. तो एक तासही वाया गेला नाही.

सार्वजनिक जमीन म्हणजे मुख्यतः बीएलएमची (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, संघराज्याचं जमीन खातं). नकाशावर ती पिवळी दिसते. राज्याच्या मालकीची ट्रस्ट जमीन निळी. तिथे कायदेशीर वाट असेल तर शिकार चालते, मुक्काम मात्र करता येत नाही. पांढरं ते खासगी. शिवाय विभाग शेतकऱ्यांशी करार करून काही खासगी जमीन शिकाऱ्यांना खुली करतो. त्यातल्या वॉक-इन एरियात पायी जायचं आणि हंटर मॅनेजमेंट एरियासाठी आधी परवानगीची चिठ्ठी काढायची. फोनवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या, एरियाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण माळावर नेटवर्क नसतं.

दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना नकाशा अगदी बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीला एक सोडून एक चौरस मैल जमीन सरकारने दिली, त्याची ही खूण. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात एकमेकांना शिवतात. त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकणं म्हणजे घुसखोरी का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. एल्क माउंटनजवळ २०२१ मध्ये मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांवर त्यावरूनच खटला झाला. मार्च २०२५ मध्ये संघराज्याच्या दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला : खासगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडणं चालतं. तरी पहिल्या वर्षी तुम्ही या भानगडीत पडू नका. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते आणि कोपऱ्यावर तेवढी चूक पुरते.

नकाशावर तीन-चार जागा ठरवा. प्रत्येक जागेला गाडीरस्ता लागलेला हवा, जवळपास पाणी हवं, म्हणजे स्टॉक टँक (गुरांच्या पाण्याची टाकी) किंवा तळं, आणि थोडा चढउतार हवा. संपूर्ण सपाट माळावर जनावरं खूप दिसतात, पण त्यांच्याजवळ जाता येत नाही. शक्य असेल तर ऑगस्टमध्ये एक शनिवार-रविवार नुसतं पाहायला जा.

नेमबाजी

.२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमोर, .२७०, .३०८ यांतली कुठलीही रायफल चालते. धक्का कमी बसणारी घ्या. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतात आणि नवख्याचा नेम तिथेच जातो.

आठ इंची कागदी ताटली घ्या. प्राँगहॉर्नच्या फुप्फुस-हृदयाची जागा साधारण तेवढीच. रेंजवरच्या बाकावर बसून कुणीही ती उडवतो. सराव करायचा तो जमिनीवर पालथं पडून, पाठीवरची सॅक नळीखाली ठेवून. मांडी घालून, गुडघ्यांवर कोपर टेकवून. शंभर मीटर धावून या आणि छाती धपापत असताना झाडा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या ताटलीत बसतात, ती तुमची मर्यादा. माझी पहिल्या वर्षी १८० यार्ड होती आणि मी ती मोडली नाही. लोक तुम्हाला चारशे-पाचशे यार्डांच्या गोष्टी सांगतील. वायोमिंगचा वारा आणि दुपारचं मृगजळ त्या अंतरावर गोळी कुठे नेईल याचा भरवसा नाही, आणि जखमी होऊन निसटलेलं जनावर आयुष्यभर डोळ्यांसमोर राहतं.

माळावर

बहुतेक एरियांत रायफलचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो; नेमक्या तारखा एरियानुसार. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचं किमान एक वरचं वस्त्र हवं, टोपीही चालते. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची मुभा असते. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं हा गुन्हा आहे. गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला आडवे झालेले लोक दिसतील. त्यांचं पाहून तसं करू नका.

प्राँगहॉर्नचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मोठे आणि बाहेर आलेले असतात. जवळजवळ सगळीकडचं त्याला एकाच वेळी दिसतं. पळू लागला तर ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे. नजर आणि वेग यांवरच तो जगतो, म्हणून शिकाऱ्याचं सगळं कौशल्य जमिनीच्या उंचसखलपणाचा आडोसा घेण्यात आहे. सकाळी उंच टेकाडावर बसून दुर्बिणीने माळ पाहायचा. कळप दिसला की घाई नाही. तो कुठे चरत चालला आहे, राखण करणारी मादी कुठे उभी आहे, मधे कुठली घळ आहे, नकाशावर ती जमीन कुणाची आहे, हे सगळं पाहून मगच उठायचं. वारा तोंडावर घेत घळीतून जायचं. शेवटचा टप्पा सरपटत. इथे सेजब्रशच्या मुळाशी बारीक निवडुंग असतो, जमिनीसारख्याच रंगाचा. गुडघ्याचे पॅड, जाड हातमोजे आणि काटे काढायला चिमटा विसरलात तर दुसऱ्या कळपामागे सरपटता येणार नाही. उन्हाच्या दिवसांत रॅटलस्नेकही असतो, म्हणून हात टेकण्याआधी जागा बघा.

कळपाच्या ढुंगणावरचे पांढरे केस फुलून चकाकले, की समजायचं बुजला. मग पाठलाग नको. तासाभरात तो बहुतेक वेळा शांत होतो.

मादी ओळखायची कशी? नराच्या जबड्याखाली काळा डाग असतो आणि शिंगं सहसा कानापेक्षा लांब. मादीला तो काळा डाग नसतो. शिंगं असली तरी बोटभर, कानापेक्षा आखूड. उन्हाळ्यात पाडसं मोठी होतात आणि घाईत गल्लत होते, तेव्हा दोन्ही खुणा पटल्याशिवाय सुरक्षेचा खटका सोडू नका.

जनावर आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. त्याच्या मागे दुसरं जनावर नाही हे पाहा. कळपात हे फार विसरलं जातं. श्वास सोडा, चाप हळू दाबा. गोळीनंतर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि स्कोपमधून नजर काढू नका.

इथून घड्याळ सुरू

जनावर पडलं की थोडं थांबून मागच्या बाजूने जवळ जा आणि लांब काडीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर गेलं. मी पहिल्यांदा गुडघ्यावर बसलो तेव्हा त्या मानेवरचे केस हातात आले, पोकळ, काडीसारखे, चिमटीत सहज निघणारे. अंगाला सेजब्रशचा वास. आजीकडून ऐकलेला नमस्कार आपोआप हात जोडून झाला. त्या क्षणी जे वाटेल ते वाटू द्या, पण दोन मिनिटांपेक्षा जास्त नको.

जागा सोडण्याआधी परवान्याचं कूपन : तारीख कापायची, सही करायची आणि जनावराला जोडायचं. मादीची ओळख पटवणारा अवयव मांसाला तसाच जोडलेला ठेवायचा, हाही नियम आहे. मांड्या, खांदे आणि पाठीचं मांस माळावर टाकून येणं बेकायदा आहे.

आणि आता उष्णता. सप्टेंबरच्या दुपारी वायोमिंगमध्ये पंचवीस-तीस अंश सहज होतात. ते पोकळ केस जनावराला हिवाळ्यात वाचवतात, मेल्यानंतर तेच मांस आतल्या आत शिजवतात. "अँटिलोपच्या मांसाला वास येतो" असं इथे पुष्कळ जण म्हणतात. मी चार हंगाम खाल्लं आहे; वास येतो तो बहुधा उशिराचा. पहिल्या वर्षी सकाळी दहाला जनावर पडलं, मी फोटो काढत बसलो, कातडं तसंच ठेवून सव्वा किलोमीटर ओढत गाडीपर्यंत आणलं, आणि कूलरमध्ये बर्फाच्या दोनच लहान पिशव्या होत्या. पुढचा पेट्रोलपंप चाळीस मैलांवर. संध्याकाळी एका मांडीच्या हाडालगत हिरवट छटा आणि आंबूस वास आला. ती मांडी टाकून द्यावी लागली. एका जिवाचा जीव घेऊन त्यातलं अन्न फुकट घालवलं, याची बोच अजून आहे. सशाच्या शिकारीला निघताना वाघाची तयारी करावी म्हणतात. इथे ती तयारी बर्फाची आहे.

म्हणून पोट न फाडता तुकडे करण्याची पद्धत शिका. जनावर कुशीवर झोपवायचं, कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत एक चीर द्यायची आणि कातडं खाली सोलत जायचं. पाती आतून बाहेर चालवा, म्हणजे केस कापले जाऊन मांसाला चिकटत नाहीत. आधी खांदा सुटतो, त्याला सांधा नाही, नुसते स्नायू. मग पाठीची पट्टी, मग खुब्याच्या सांध्यातून मांडी. उलटवून दुसरी बाजू. शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून आतली नाजूक पट्टी काढायची. ढुंगणाजवळ आणि खुरांमध्ये गंधग्रंथी असतात. त्यांना लागलेला हात किंवा सुरी मांसाला लावू नका, हातमोजे बदला. पहिल्यांदा दीड तास लागेल, नंतर पाऊण. प्रत्येक तुकडा कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत, हवा खेळेल असा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस कधीही भरू नका.

मोठे दोन कूलर, घरून गोठवून नेलेल्या पाण्याच्या डझनभर बाटल्या आणि किमान वीस किलो बर्फ, हे सगळं शिकारीच्या आदल्या रात्रीच गाडीत हवं. मांस वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. कूलरचं बूच उघडं ठेवून गाडी उताराला लावा. गाडीपासून लांब शिकार करायची असेल तर आधीच विचार करा : सगळा भार पाठीवरून किती खेपांत येईल? एका मादीचं हाडं काढून साधारण पंधरा किलो मांस निघतं, हाडांसकट बरंच जास्त.

घरी आल्यावर

दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये, जाळीवर, मांस कोरडं राहील असं ठेवा, मग कापा. गोळीच्या जखमेभोवतालचं बोटभर मांस काढून टाका. शिशाच्या गोळीचे कण दिसत नाहीत, म्हणून मी आता तांब्याची गोळी वापरतो. पांढरी चरबी सगळी काढा. बोकडाच्या चरबीसारखी ती सुटत नाही, थंड झाली की टाळ्याला चिकटते. स्नायूंवरचा चंदेरी पडदाही सोला.

मांस अगदी कोरडं असतं, म्हणून मटणाचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. खांद्याचं सुक्कं करायचं तर हाडासकट दही-आलं-लसणात रात्रभर, मग तेल नेहमीपेक्षा दोन पळ्या जास्त, खोबरं-कांद्याचं वाटण आणि कुकरच्या सहा-सात शिट्ट्या. मांडीचा खिमा करताना थोडी बोकडाची चरबी मिसळून घ्या. पाठीची पट्टी मात्र कुकरजवळ नेऊ नका. दोन बोटं जाडीचे तुकडे, मीठ, मिरी, तापलेला बिडाचा तवा, चमचाभर तूप, एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन, आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. सोबत गरम भाकरी आणि कच्चा कांदा.